वृद्धांचे हात व आत्मरक्षणाचे हत्यार

शेवगाव तालुक्यातील पुष्कळ बागाईतदारांचे राहणे गावात नसून शेतातील वस्तीवर आहे. मुले नोकरीधंद्यानिमित्त पुण्यामुंबईस गेली म्हणजे वस्तीवर वृद्ध जोडपेच उरते, आणि रात्रीच्या चोरांच्या धास्तीने कित्येक वयोवृद्ध गृहस्थ रिव्हॉल्व्हर अथवा पिस्तुलाचा परवाना मिळवू पाहतात. तो मिळाल्यास त्यांस आमची विनंती एवढीच आहे की, हत्यार ऐट पाहून घेऊ नये, आपला हात पाहून घ्यावे. कुऱ्हाडीचा दांडा आपण मुठीत धरल्यावाचून घेत नाही. मग ज्यावर जीव अवलंबून, ते हत्यार न पारखता का घ्यावे?

पिस्तुलात पहिले काडतूस नळीत चढविण्यासाठी त्याचा वरचा सरकता भाग ताठ स्प्रिंगेविरुद्ध मागे ओढावा लागतो. ज्या बोटांस संधिवातामुळे गाईची धार काढवत नाही, त्यांस हे काम अंधारात व घाबरल्या स्थितीत साधेल, असे मानणे व्यर्थ होय. रिव्हॉल्व्हरमध्ये ही ओढाताण नाही. एखादे काडतूस फुसके निघाले तरी पुन्हा चाप ओढताच पुढील काडतूस समोर येते. म्हणून अशक्त हातास सामान्यतः रिव्हॉल्व्हरच बरे. मात्र त्याचा चाप जड असतो. अंगठ्याने घोडा आधी चढविल्यास चाप हलका होतो खरा. पण कापऱ्या हातात चढलेला घोडा हाच एक नवा धोका आहे.

दुसरा गैरसमज वजनाचा. हात दुबळा म्हणून हत्यार हलके हवे, असे पुष्कळांस वाटते. परंतु काडतूस तेच असता हत्यार जितके हलके, तितका मनगटास धक्का अधिक. कानपूरच्या सरकारी आयुधनिर्माणीने २०१४ साली ‘निर्भीक’ हे .३२ चे रिव्हॉल्व्हर काढले. त्याचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास असून स्त्रियांस जवळ बाळगणे सोपे जावे हा त्यामागील हेतू होता. जवळ बाळगणारास ही सोय मोठी. परंतु ज्यास ते घरीच ठेवावयाचे आहे, त्याच्या मनगटास त्याच काडतुसाचे थोडे जड रिव्हॉल्व्हर अधिक मानवेल. .२२ चा धक्का याहूनही कमी, पण त्याचा मारही तसाच कमी.

परीक्षा सोपी आहे. विक्रेत्यासमक्ष हत्यार पूर्ण रिकामे असल्याची खात्री करावी, ते सुरक्षित दिशेस धरावे व घोडा न चढविता चाप लागोपाठ दहा वेळा ओढून पाहावा. हात थरथरला किंवा नेम ढळला, तर ते हत्यार आपले नव्हे. नियमांतील प्रशिक्षणाची अटही केवळ दाखल्यापुरती मानू नये.

कोणतेच हत्यार हातास पेलत नसेल, तर त्यात कमीपणा नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाचे वय ७० वर्षे झाल्यावर, अथवा हत्यार बाळगून २५ वर्षे झाल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, त्याच्या हयातीतच पात्र वारसास परवाना देता येतो. वस्तीवर राहणारा कर्ता मुलगा अथवा सून असेल, तर या सोयीचा लाभ अवश्य घ्यावा. तसे कोणी नसेल, तर भक्कम दार, अंगणातील दिवा, जागता कुत्रा आणि हाकेच्या अंतरावरील शेजारी यांवर भिस्त ठेवणे शहाणपणाचे. न पेलणारे हत्यार चोराच्या हाती जाण्यास वेळ लागत नाही. थकल्या बैलाच्या मानेवर आपण जू ठेवीत नाही. आपल्या थकल्या हातांसही तोच न्याय लावावा, असे आम्हांस वाटते.