रिपोर्टमधला आकडा आणि तळपायाचा डाग

फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेतलं की रिपोर्टची दहा-बारा पानं हातात येतात. त्यात एका ओळीत 'एलडीएच' ठळक अक्षरात दिसतं, म्हणजे वाढलेलं. मग आपण काय करतो? मोबाइल उघडतो आणि दोन मिनिटांत गाडी थेट कॅन्सरवर येऊन थांबते. तुमच्या घरी असं झालं असेल, तर आधी हे वाचा.

एलडीएच हे शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत असणारं प्रथिन. पेशी फुटल्या की ते रक्तात उतरतं. यकृताचा आजार, जोरदार व्यायाम, इतकंच काय, रक्त काढताना नळीतच रक्तपेशी फुटल्या, तरी आकडा वर जातो. त्यामुळे कॅन्सर शोधायला ही टेस्ट कामाची नाही. मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, शरीरात दूरवर पसरल्यावर मात्र याच आकड्याला वजन येतं. तेव्हा वाढलेलं एलडीएच म्हणजे आजार अधिक अवघड. चौथ्या स्टेजची वर्गवारी करताना डॉक्टर ते विचारात घेतातच.

बीआरएएफ हे दुसरं नाव. मेलानोमाच्या साधारण निम्म्या रुग्णांत या प्रथिनात बिघाड असतो आणि ते पेशीला 'वाढत राहा' असा हुकूम देत राहतं. २०११ मध्ये त्यालाच रोखणारं व्हेम्युराफेनिब हे औषध अमेरिकेत मंजूर झालं. त्याच वर्षी प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं इपिलिम्युमॅबही आलं. त्याआधी दूरवर पसरलेल्या मेलानोमाचे निम्म्याहून जास्त रुग्ण वर्षभरही काढत नसत. आज चित्र खूप वेगळं आहे. म्हणून घरात कुणाला हा आजार असेल, तर इंटरनेटवरचे जुने आकडे वाचून रात्र जागवू नका. ते या औषधांच्या आधीचे असू शकतात.

आजार पसरलेला नसेल, तर मात्र या प्रथिनांपेक्षा एक साधं माप मोठं ठरतं. गाठ त्वचेत किती खोल गेली आहे? अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये हे माप मांडलं, ते आजही बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये मिलिमीटरमध्ये असतं. एक मिलिमीटरच्या आतली गाठ काढली की बहुतेक जण बरे होतात. चारच्या पुढे काळजी बरीच वाढते. डॉक्टरांना हा आकडा नक्की विचारा.

आता आपल्याकडची अडचण. भारतात मेलानोमा कमी आढळतो, म्हणून तो कुणाच्या डोक्यातच येत नाही. त्यातून सावळ्या त्वचेत तो अनेकदा ऊन न लागणाऱ्या जागी होतो: तळपाय, तळहात, नखाखाली. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो १९७७ मध्ये सापडला, १९८१ मध्ये वयाच्या ३६व्या वर्षी ते गेले. आपल्या घरात असा डाग दिसला तर कुरूप समजून कॉर्न कॅप चिकटवली जाते, नाहीतर 'चप्पल लागली असेल' म्हणून सोडून दिलं जातं.

बऱ्याच नखांवर फिकट तपकिरी रेघा असतील, तर सावळ्या त्वचेत ते सहसा साधंच असतं. एकाच नखावर नवी काळी रेघ आली, ती रुंद होत गेली किंवा तळव्यावरचा डाग पसरू लागला, तर ब्लेड लावू नका, पार्लरमध्ये घासून घेऊ नका. सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. आईबाबांना वाकून स्वतःचा तळपाय दिसत नसेल, तर त्यांचा तुम्ही बघा.