वेग हवाय? मग आधी माप शिका



औंध, पुसेसावळी, वडूज या भागात सरळ शर्यतीचे वेड कुणाला समजावून सांगावे लागत नाही. बैलगाडा सुटला की वळण नाही, थांबा नाही. काही सेकंदांत निकाल. आपली मुले हा थरार पाहत मोठी होतात आणि पंधरा-सोळा वर्षांची झाली की तोच थरार अब्बांच्या दुचाकीवर शोधू लागतात. मुलगा परत येईपर्यंत अम्मीचे लक्ष दाराकडे असते. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. अपघातात जे जाते, त्याची तर भरपाईच नाही.

रागावल्याने वेगाची ओढ जात नाही. ती ओढ वाईटही नाही. तिला हाताचे काम हवे. असे एक काम या महिन्यात सांगतो.

परदेशात ‘स्लॉट कार’ नावाचा खेळ आहे. फळीवर एक खाच असते, तिला आपण चाकोरी म्हणू. खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या पट्ट्या असतात. छोट्या मोटारगाडीची जीभ खाचेत असते आणि पट्ट्यांतून वीज घेऊन ती धावते. अमेरिकेतील लायोनेल कंपनीने अशी खेळणी १९१२ मध्येच विकली होती. १९५७ मध्ये इंग्लंडच्या फ्रेड फ्रान्सिस यांनी ‘स्केलेक्स्ट्रिक’ बाजारात आणल्यावर हा खेळ घरोघरी गेला. त्यातलाच एक प्रकार म्हणजे सरळ धाव, ड्रॅग रेसिंग. खरी ड्रॅग शर्यत पाव मैलाची, म्हणजे १३२० फुटांची. गाडी चोविसाव्या हिश्शाची असेल तर धावपट्टीही चोविसावा हिस्सा, म्हणजे ५५ फूट. आपल्या घरात एवढी जागा कुठली? ओसरीवर किंवा गच्चीवर वीस फूट पुरेत.

आठ फुटी प्लायवूडच्या पट्ट्या घ्या. मधे तीन मिलिमीटर फट ठेवून दोन-दोन शेजारी ठेवा आणि अशा तीन जोड्या एकापुढे एक जोडा. चोवीस फूट होतील. पहिल्या वीस फुटांत फटीच्या दोन्ही कडांना तांब्याची चिकटपट्टी लावा आणि सांध्यांवर सोल्डर करा. शेवटचे चार फूट पट्टीविना ठेवा. तिथे घडी घातलेला टॉवेल गाडी थांबवेल. गाडीसाठी मोडक्या खेळण्यातील मोटार, एक्सलला सायकलचा स्पोक, स्पोक मोकळा फिरेल अशी नळी आणि जुनी दातेरी चाके चालतील. पुढे प्लॅस्टिकची जीभ आणि तिच्या दोन्ही बाजूंना वायरचे उघडे तांबडे केस लावा. वीज चार सेलची, म्हणजे सहा व्होल्ट, आणि मधे दाबायचे बटण. भिंतीतल्या प्लगशी या फळीचा संबंध अजिबात येऊ देऊ नका. दोन पट्ट्या एकमेकींना टेकल्या तर सेल तापतात, म्हणून खेळ संपला की सेल काढून ठेवा.

गाडी धावली की पोरे म्हणतील, “मोठी मोटार लावूया.” इथे पालकांनी ‘नाही’ म्हणायचे. त्याच मोटारीतून वेग काढायचा, हाच खरा खेळ.

कसा काढायचा? आधी गाडी हातात धरून चाक बोटाने फिरवा. अडखळत असेल तर एक्सल वाकडा आहे किंवा दाते फार घट्ट बसले आहेत. दात्यांमध्ये कागदाची पट्टी घालून मोटार बसवा, मग कागद काढा. तेवढी फट पुरते. नळीत तेलाचा एकच थेंब द्या. मोटारीच्या कार्बनला तेल लागले तर वीज नीट पोचत नाही. मागचे रबर धूळ झटकून ओल्या फडक्याने पुसा. मागे वजन वाढवले की पकड येते, पण फार वाढवले तर सुटताना नाक उचलते, जीभ खाचेतून निघते आणि वीजच तुटते. दात्यांचे गणित सायकलवाल्याला ठाऊक असते. मोटारीवर आठ आणि एक्सलवर चोवीस दाते असतील तर मोटारीच्या तीन फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते. एक्सलवर वीस दाते लावले तर शेवटचा वेग वाढू शकतो, पण सुरुवात मंदावते. वीस फुटांत कोणते बरे, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

आणि मोजायला मोबाइल आहेच. दोन पट्ट्यांना शेवटच्या रेषेपाशी रेझिस्टरसह एक एलईडी जोडा. बटण दाबताच तो लागेल. समोर मोबाइल ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रण करा. सेकंदाला २४० चित्रे घेणारा फोन असेल, तर दिवा लागल्यापासून नाक रेषेवर येईपर्यंत ६०० चित्रे म्हणजे अडीच सेकंद. एका वेळी एकच बदल करा, पाच धावा घ्या आणि मधला आकडा वहीत लिहा. दोन बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

आता या खेळातला मला सर्वांत आवडणारा नियम. ड्रॅग शर्यतीच्या एका प्रकारात प्रत्येकाने आपल्या गाडीचा वेळ आधीच जाहीर करायचा असतो. संथ गाडी तेवढ्या फरकाने आधी सुटते. जाहीर केल्यापेक्षा कमी वेळात पोचलात तर बाद! घरी साधा नियम ठेवा: कागदावर वेळ लिहा, त्याच्या आत न जाता जो सर्वांत जवळ येईल तो जिंकला. बढाई मारणारा त्या वेळेला पोचत नाही, म्हणून हरतो. ताकद लपवणारा लवकर पोचून बाद होतो. दहा वर्षांची बहीण जुनी मोटार घेऊन मोठ्या भाईजानला हरवू शकते, कारण इथे स्वतःच्या गाडीची खरी ओळख जिंकते. मापात खोट नको, ही शिकवण आपल्या घरांत नवी नाही. इथे ती हातांना समजते. मात्र पैज एका रुपयाचीही नको. तेवढ्याने खेळाचा जुगार होतो.

“खेळण्यात वेळ घालवून काय मिळणार?” असे नाना-चाचा विचारतील. त्यांना आपल्याच मुलखातले उदाहरण द्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावला सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. तिथून ते कडबा कापायच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. १९१० मध्ये औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली आणि आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी उभी राहिली. सायकलपासून कारखान्यापर्यंतचा हा रस्ता यंत्र खोलणाऱ्या, मोजणाऱ्या आणि सुधारणाऱ्या हातांनी केला. आपल्याकडेही कितीतरी घरांची चूल गॅरेज, वेल्डिंग आणि वाइंडिंगवर पेटते. त्या घरातला मुलगा पुढे आयटीआयला गेला किंवा इंजिनिअर झाला, तर आर्मेचर, गिअर आणि बुश हे शब्द त्याला पुस्तकातून पाठ करावे लागणार नाहीत.

अब्बांनी यासाठी जुम्म्याच्या दुपारचा एक तास द्यावा. बटण मुलांनी दाबावे, वही मुलींनीही लिहावी आणि गाड्या दोघांनीही बांधाव्यात. दुचाकीची किल्ली मात्र अठरा वर्षे पूर्ण होऊन परवाना हातात येईपर्यंत अम्मीच्या कपाटात राहू द्या. तोवर वेग कसा तयार होतो आणि कुठे आवरायचा, हे मुलाला वीस फुटांच्या फळीने शिकवलेले असेल, इन्शाअल्लाह.