सारा गेला, दप्तर राहिले

परकीय सत्ता जाऊन पाऊणशे वर्षे लोटली. जमिनीचा साराही आता सरकारी तिजोरीच्या दृष्टीने नाममात्रच उरला. परंतु ज्या दप्तराच्या आधारे तो बसविला गेला, ते दप्तर आजही गावावर राज्य करीत आहे.

भोपाळ संस्थानाचे उदाहरण यादृष्टीने बोलके आहे. १८१८ च्या तहाने हे संस्थान इंग्रजांच्या छत्राखाली आले. सिकंदर बेगमांकडे १८४७ मध्ये कारभार आला, तेव्हा संस्थानावर सुमारे ३० लाखांचे कर्ज होते आणि वसूल इजाऱ्याने दिला जात असे. इजारदाराने ठरलेली रक्कम खजिन्यात भरावी आणि रयतेकडून साधेल तेवढे उकळावे! बेगमांनी ही चाल मोडली, गावप्रमुखांशी थेट व्यवहार ठरविला आणि सहा वर्षांत कर्ज फेडले. ही कर्तबगारी लहान नव्हे. तरीही ठराव झाला तो गावप्रमुखाशी, नांगर धरणाऱ्याशी नव्हे.

मुंबई इलाख्यात सरकारने थेट रयतेलाच गाठले. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ पासून इंदापुरात जमिनीची मोजणी व प्रतवारी करून तीस वर्षांचा सारा बांधून दिला. पण सारा रोख आणि ठरल्या हप्त्याला. पाऊस मात्र आपल्या मर्जीने! अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपताच कापसाचे भाव कोसळले, फेरपाहणीत सारा चढला आणि इजारदार नव्हता तेथे सावकार येऊन बसला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उठाव झाला. शेतकऱ्यांचा रोष मुख्यतः कर्जरोख्यांवर होता, हे विसरता येत नाही. आपल्याला कागदाने बांधले आहे, हे त्यांनी ओळखले होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि त्याच दिवशी विदर्भ ते राज्य सोडून मुंबई राज्यात आला. वाटा वेगळ्या झाल्या, वारसा एकच राहिला. तिकडे पटवारी व खसरा, इकडे तलाठी व सातबारा. तिकडची १९५९ ची संहिता काय किंवा आपली १९६६ ची काय, दोन्ही नावानेच महसुलाच्या! विरुद्ध सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानावी, हा दोन्हींचा दंडक आहे.

पीककर्ज, भूसंपादनाचा मोबदला, अतिवृष्टीची मदत, सारे याच नोंदीवर चालते. तोंडी बोलीवर खंडाने जमीन कसणारा आणि वारसनोंद न झालेली विधवा दप्तरात नाहीत, म्हणून मदतीच्या यादीतही नाहीत. सातबारा संगणकावर आला, हे स्वागतार्हच. पण चुकीची नोंद संगणकावर चढली, तर चूकच अधिक त्वरेने हाती पडते!

वारसनोंदी अर्जाची वाट न पाहता चावडीवाचन करून गावातच निकाली काढाव्यात आणि मालकी हक्काला धक्का न लावता प्रत्यक्ष कसणाऱ्याचीही नोंद व्हावी, अशी आमची मागणी आहे. कोणाकडून घ्यायचे, हे या दप्तराने राज्यकर्त्यांना पिढ्यान्‌पिढ्या बिनचूक सांगितले. कोणाला द्यायचे, हे ते केव्हा सांगणार?