जर्मनीत शिक्षण फुकट असतं म्हणे!



"जगात जर्मनी, भारतात परभणी" हे आपल्याकडे शाळकरी पोरसुद्धा म्हणतं. कुणी जोडलं, का जोडलं, कुणाला ठाऊक नाही. हल्ली मात्र ते खरं करून दाखवायचा चंगच आपल्या लोकांनी बांधलेला दिसतो. परभणी, सेलू, जिंतूर, मानवत, कुठल्याही लग्नात पंगतीला बसा, शेजारच्या पाटावर ज्यांचा मुलगा 'एमएसला जर्मनीला' निघालाय असं कुणीतरी असतंच. २०२३-२४ मध्ये तिकडे आपले सुमारे ४९ हजार विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यांत जास्त. तेव्हा पंगतीत ऐकलेलं काही खोटं नाही. जाऊ द्या मुलांना, मुलींनाही जाऊ द्या. माझं भांडण जाण्याशी नाही, विद्यापीठ निवडायच्या आपल्या पद्धतीशी आहे.

साडी घेताना आपण पदर उलटून मागची वीण बघतो. स्थळ आलं की चार गावांत माणसं पाठवून चौकशी करतो. आणि वीस-पंचवीस लाखांचं विद्यापीठ तीन प्रश्नांत उरकतो: फी आहे का, जगात कितवा नंबर, आणि एजंट काय म्हणतो. ही तिन्ही उत्तरं हातात आली तरी त्या विद्यापीठात पोराला काय शिकवणार आहेत हे आपल्याला कळलेलं नसतं.

पहिलं ते 'फुकट'. मी १९८३ ची बी.कॉम. आहे, तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठाची. चाळीस वर्षं घराचा हिशोब लिहिते. फुकट हा शब्द ऐकला की मी आधी वही काढते.

जर्मनीत १६ राज्यं आहेत आणि शिक्षणाचे नियम राज्याराज्यांत वेगळे. आखेनचं नामांकित तांत्रिक विद्यापीठ ज्या राज्यात आहे तिथे शिकवणीची फी नाही, सत्राला तीनशे युरोंच्या आसपास वर्गणी भरायची, त्यातच बस-रेल्वेचा पास येतो. पण कार्ल्सरूह आणि स्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहेत, तिथे युरोपियन संघाबाहेरच्या मुलांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो पडतात. आणि ज्याचं नाव सगळे घेतात त्या म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून आपल्यासारख्यांना फी लावली: पदवीला सत्राला २ ते ३ हजार युरो, पदव्युत्तरला ४ ते ६ हजार. सहा हजार गुणिले चार सत्रं, म्हणजे २४ हजार युरो. युरो सोपेपणासाठी शंभर रुपये धरा. चोवीस लाख झाले, आणि अजून पोरगं जेवलेलं नाही. शेजारच्या हॉलंडमधलं डेल्फ्ट तर वर्षालाच २० हजार युरोंच्या वर घेतं. झुरिकच्या ईटीएचने २०२५ च्या शरद सत्रापासून परदेशातून नव्याने येणाऱ्यांची फी तिप्पट केली, ७३० फ्रँकवरून २,१९०. ती अजूनही डेल्फ्टपेक्षा पुष्कळ कमी आहे, पण झुरिकचा राहण्याचा खर्च ऐकून घ्या आणि मग हसा. थोडक्यात, 'युरोपात फी नसते' असं कुणी म्हणालं की विचारायचं: कुठलं राज्य, कुठलं विद्यापीठ, कुठलं साल?

आता त्याहून मोठा गैरसमज. व्हिसासाठी जर्मनीत 'ब्लॉक्ड अकाउंट' उघडून त्यात वर्षाच्या खर्चाचे पैसे दाखवावे लागतात. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. आपल्याकडे लोक बिनदिक्कत सांगतात, "ते तर परत मिळतात हो!" जणू वीज मीटरची अनामतच. मिळतात ना, महिन्याला ९९२ युरो या हिशोबाने मुलाच्याच हातात पडतात, आणि तो त्याच महिन्यात खोलीचं भाडं, आरोग्य विमा, किराणा यात ते संपवतो. ती अनामत नाही, खर्च आहे. फक्त आधी भरलेला.

हा आकडा आपल्या भाषेत सांगते. २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. ११ लाख ९० हजार म्हणजे सुमारे २२३ क्विंटल सोयाबीन. कोरडवाहू रानात एकरी सात क्विंटल उतरलं असं धरलं तर ३२ एकरांचं पीक, आणि तेही बी, खत, फवारणी, मजुरी काही वजा न करता, आणि हमीभाव खरोखर पदरात पडला तर. हे एका वर्षाचं. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो आणि बऱ्याच मुलांना अडीच-तीन वर्षं लागतात. माझ्या माहितीतल्या एका घरात 'फुकट' शिक्षणासाठी रस्त्याकडेची चार एकर गेली. मुलगा हुशार आहे, उभा राहील. पण विकताना बापाला वाटत होतं की हे पैसे परत येणारे आहेत. त्याला तसं सांगणाऱ्या माणसाला मी माफ करणार नाही.

दुसरा प्रश्न नंबराचा. इथे पुरुषमंडळी फार रंगात येतात. क्यूएसच्या यादीत कितवं, हे विचारलं की प्रश्न संपला! ही यादी बनते कशी ते तरी बघा. शंभर गुणांपैकी ३० गुण प्राध्यापकांनी एकमेकांच्या विद्यापीठांबद्दल दिलेल्या मताचे, १५ कंपन्यांच्या मताचे. म्हणजे रुपयातले ४५ पैसे 'लोक काय म्हणतात' याचे झाले. वीस गुण शोधनिबंधांचे दाखले किती घेतले गेले याचे. शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाला १० आहेत खरे, पण वर्गात बसून शिकवणं कसं आहे हे कुणी तपासत नाही. शिवाय नंबर सगळ्या विद्यापीठाचा असतो. म्युनिकच्या नंबरात त्यांचं वैद्यकीय महाविद्यालयही मोजलं जातं, आपल्या पोराला शिकायचं असतं मशीन डिझाइन. आणि जर्मनीत 'होखशुले' म्हणून उपयोजित शिक्षणाच्या संस्था असतात, जिथे हातकाम, कारखाना, प्रत्यक्ष प्रकल्प यांवर भर. डिप्लोमा करून इंजिनिअरिंगला गेलेल्या कितीतरी मुलांना त्याच सोयीच्या. त्या या याद्यांत जवळजवळ दिसत नाहीत, कारण याद्या मोजतात संशोधन आणि कीर्ती. सरकारसुद्धा परदेशी शिष्यवृत्ती देताना क्यूएसच्या नंबराची अट घालतं, मग सामान्य माणसाला काय बोलणार!

आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचंच घ्या. १९७२ साली झालेलं. म्युनिकमध्ये त्याचं नाव कुणी ऐकलं नसेल. पण 'परभणी क्रांती' भेंडी देशभरच्या वाफ्यांत लागली, आणि एमएयूएस नावाची सोयाबीनची वाणं इथूनच निघाली. शेतकऱ्याने बियाण्याची पिशवी घेताना विद्यापीठाचा जागतिक क्रमांक विचारला नव्हता. त्याने विचारलं, हळद्या रोग येतो का? आपल्यालाही असाच नेमका प्रश्न विचारता आला पाहिजे.

तो कसा विचारायचा हे मला आमच्या घरातल्या मुलीने शिकवलं. माझ्या धाकट्या दिरांची मुलगी, नांदेडला इलेक्ट्रॉनिक्स केलं तिने. मला मोठी आई म्हणते. तिने निवडलंय केम्निट्झ. पूर्व जर्मनीतलं गाव, १९५३ ते १९९० कार्ल-मार्क्स-स्टाट म्हणत त्याला. तिथल्या तांत्रिक विद्यापीठात 'एम्बेडेड सिस्टीम्स' हा अभ्यासक्रम आहे, म्हणजे गाडीत, वॉशिंग मशीनमध्ये, मीटरमध्ये जो छोटा संगणक बसवलेला असतो त्याचं शास्त्र. घरात गदारोळ. "नावच ऐकलं नाही!" "त्या नऊ मोठ्यांत आहे का?" (टीयू-९ म्हणून नऊ जुन्या तांत्रिक विद्यापीठांचा गट आहे, त्यात नाही.) मी म्हटलं, केम्निट्झवाल्यांनी तरी परभणीचं नाव कुठे ऐकलंय?

तिने काय केलं सांगते. प्रत्येक अभ्यासक्रमाचं 'मॉड्यूल हँडबुक' असतं, विद्यापीठाच्या स्वतःच्या साइटवर, कुणालाही उघडं. त्यात विषय कोणते, परीक्षा लेखी की तोंडी, प्रयोगशाळा किती, आधी काय आलेलं असावं लागतं, सगळं लिहिलेलं असतं. तिने तीन विद्यापीठांची हँडबुकं छापून आणली आणि आपल्या बी.ई.च्या विषयांशी ताडून पाहिली. दोन दिवस जेवणाच्या टेबलावर पसारा. एका मोठ्या नावाच्या ठिकाणी तिला हवे ते चार विषय जर्मन भाषेत होते. जाहिरातीत हे कुठेच नव्हतं.

तिथेच मला क्रेडिटचा हिशोब कळला. पदव्युत्तर म्हणजे १२० क्रेडिट, एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांची मेहनत. तीस धरले तर ३,६०० तास. सत्राला ९००, म्हणजे सुट्ट्या धरूनसुद्धा आठवड्याला जवळपास ३५ तास. आता आठवा आपले शहाणे काय म्हणतात: "तिकडे पार्टटाइम करून मुलं खर्च काढतात." काम करायला परवानगी आहे, वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. पण आठवड्याला वीस तास हॉटेलात भांडी घासून मग ३५ तास अभ्यास करायचा, आणि परीक्षा अशी की बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी. तिसऱ्यांदा गेलं की नाव कमी, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही सहसा करता येत नाही. आपल्याकडच्या एटीकेटीच्या सवयीने गेलेल्या मुलाला हे तिथे गेल्यावर कळतं. हा नियम माहीत नसलेल्या आईबापांनी नंबर पाठ करून काय साधलं?

गुणांचंही तसंच. जर्मनीत १.० सर्वांत चांगले, ४.० म्हणजे काठावर पास. आपले गुण बदलायचं सूत्र त्रैराशिकाएवढं सोपं आहे: कमाल गुणांतून मिळालेले वजा, त्याला कमाल उणे पासिंगने भागा, तिनाने गुणा, एक मिळवा. तिचे दहापैकी ७.८, पासिंग चार. २.२ भागिले ६, गुणिले ३, अधिक १. उत्तर २.१. पासिंग पाच धरलं तर तेच २.३२ होतात. अभ्यासक्रमाला २.५ ची अट असेल तर फरक पडत नाही, २.२ ची असेल तर अर्ज बाहेर. हे दहा मिनिटांचं गणित करून द्यायचे आपल्या भागात हजारो रुपये घेतले जातात.

एजंटबद्दल एकच सांगते. सल्ला फुकट देणाऱ्याचं पोट कोण भरतं, हे जमाखर्च लिहिणारीने विचारायलाच हवं. सरकारी विद्यापीठं सहसा दलाली देत नाहीत. खाजगी संस्था देतात. म्हणून फुकट सल्ल्याच्या शेवटी खाजगी संस्थेचं नाव निघतं, वर्षाला दहा-बारा लाख फीचं, आणि 'हे पण जर्मनीच आहे' असं ऐकवलं जातं. सगळ्या खाजगी वाईट नसतात. पण 'होखशुलकोम्पास' नावाची जर्मन विद्यापीठांची अधिकृत यादी आहे, तिथे संस्था सरकारी की खाजगी हे स्वच्छ लिहिलेलं असतं. डाड या जर्मन संस्थेच्या साइटवर इंग्रजी अभ्यासक्रम फीसकट शोधता येतात. आणि एपीएस, म्हणजे आपली कागदपत्रं तपासल्याचा दाखला, १ नोव्हेंबर २०२२ पासून बंधनकारक झालेला, १८ हजार रुपये, तो मूल स्वतः काढू शकतं. बावीस वर्षांच्या मुलाला हा अर्ज भरता येत नसेल तर त्याला तिकडे परक्या भाषेत भाडेकरार कसा करता येणार? बारावीनंतर लगेच पाठवायचं म्हणणाऱ्यांनी तर दुप्पट चौकशी करावी, नुसत्या बारावीवर तिथे थेट पदवीला सहसा घेत नाहीत, आणि पदवीचं शिक्षण बहुतांशी जर्मनमधून असतं.

खाण्याचं विचाराल, मला माहीत आहे. कंदमूळ न खाणाऱ्या मुलीने बटाट्याच्या देशात काय खावं? वसतिगृहात सामायिक स्वयंपाकघर असतं, डाळ-तांदूळ मिळतात, तिला कुकर लावता येतो. रात्रीभोजन त्यागाचं मात्र गमतीचं आहे. डिसेंबरात चार-साडेचारला सूर्य मावळतो, तेव्हा ती प्रयोगशाळेत असणार. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड, तेव्हा आरामात जेवा! तिने सांगितलंय, डबा सोबत नेईन. नियम तिचा आहे, निभवायचं कसं ते तीच ठरवेल. या एका कारणावरून विद्यापीठ बाद करणाऱ्या बायकांना मी विचारते, पुण्याच्या होस्टेलवर मुलगा रात्री अकराला काय खातो, पाहिलंत कधी?

दिरांनी अजून हो म्हटलेलं नाही. मुलाला असतं तर म्युनिकसाठीही रान विकलं असतं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं, तेव्हा ते उठून गेले. गेल्या रविवारी परत आले आणि वही मागितली. मी तीन पानं मांडून ठेवली आहेत: म्युनिक, आखेन, केम्निट्झ. डावीकडे दोन वर्षांचा आणि तीन वर्षांचा खर्च वेगवेगळा, उजवीकडे कुठला विषय कुठल्या भाषेत. कर्जावरचं व्याज दहा टक्के धरलंय, बँकेचा दर कळला की बदलेन. तिची जर्मनची ए-२ ची परीक्षा पुढच्या महिन्यात पुण्याला आहे, मॅक्समुल्लर भवनात. रात्रीच्या गाडीने तिच्यासोबत मी जाणार आहे.