परवान्याचा उंबरठा

व्यापारी सॉफ्टवेअर मुक्त संगणकप्रणालीवर चालतें करणें हें केवळ तंत्रज्ञांच्या कौशल्याचें काम आहे, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. तंत्रज्ञ आपलें काम बहुधा पुरें करितात; अडतें तें परवान्याच्या उंबरठ्यावर. आणि हा उंबरठा जो घालतो, तोच पुष्कळदां औदार्याचें श्रेयहि घेऊन मोकळा होतो.

जावाचा इतिहास पाहावा. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनें ही भाषा १९९५ सालीं प्रसिद्ध केली. एकदां लिहावें आणि कोठेंहि चालवावें, हें तिचें ब्रीद. फ्रीबीएसडी ही मुक्त प्रणाली मात्र त्या ‘कोठेंहि’मध्यें बसत नव्हती. तिच्यासाठीं जावा जुळवून घेण्याचे कष्ट स्वयंसेवकांनीं घेतले. सननें त्यांस सोर्स कोड पाहूं दिला, त्यांत फेरफारहि करूं दिले. पण सिद्ध झालेली वस्तु लोकांस वांटण्याची मोकळीक दिली नाहीं. परिणाम काय झाला? १.४ या आवृत्तीच्या काळांत प्रत्येक वापरकर्त्यास स्वतः कंपनीच्या दाराशीं जाऊन अटी मान्य कराव्या लागत, कोड उतरवून घ्यावा लागे, त्यावर स्वयंसेवकांचीं ठिगळें चढवून तो तासन्‌तास संकलित करीत बसावें लागे. बरें, त्या संकलनास आरंभीं एक चालती जावा हवीच. म्हणून लिनक्सची तयार जावा उसनी आणावी लागे! पाहुण्यास जेवावयास बोलवावें आणि शिधा, सरपण व चूल त्यानेंच आणावी अशी अट घालावी, त्यांतलाच हा प्रकार. पुढें एप्रिल २००६ मध्यें फ्रीबीएसडी फाउंडेशननें सनशीं झालेल्या करारान्वयें जावा ५ तयार रूपांत वांटण्यास आरंभ केला. तंत्र पूर्वींहि होतें. नव्हती ती केवळ अनुज्ञा.

प्रतिपक्ष म्हणेल, कंपनीचें भय निराधार नव्हतें. मायक्रोसॉफ्टनें जावांत आपल्या सोयीचे फेरफार केले. १९९७ सालीं सनला न्यायालयांत जावें लागलें, आणि जानेवारी २००१ मध्यें २ कोटी डॉलर देऊन मायक्रोसॉफ्टनें तो वाद मिटविला. आक्षेप वजनदार खरा. पण तो प्रतिपक्षावरच उलटतो. मायक्रोसॉफ्टजवळ परवाना होता! परवान्यानें तिला आवरलें नाहीं. आवरलें तें न्यायालयानें. नांवाच्या रक्षणास व्यापारचिन्हाचा कायदा समर्थ आहे. जो कसोटीस उतरत नाहीं त्यानें ‘जावा’ हें नांव लावूं नये, एवढें बजावणें पुरे होतें. एका धनाढ्याच्या आगळिकीसाठीं साऱ्या गांवाच्या विहिरीस कुलूप घालणें हा न्याय नव्हे.

नोव्हेंबर २००६ मध्यें सननें जावा जीपीएल परवान्याखालीं खुली करण्याचें जाहीर केलें. मग जावाचे तुकडे झाले काय? उलट २०११ सालच्या जावा ७ ची प्रमाणभूत आवृत्तीच मुक्त ओपनजेडीकेवर उभारली गेली. तथापि हें औदार्यहि अपुरेंच होतें. जावाशीं सुसंगति सिद्ध करणाऱ्या कसोटीसंचावर वापराच्या मर्यादा कायम राहिल्या. अपाचे संस्थेनें आपल्या हार्मनी या प्रकल्पासाठीं २००७ सालीं त्यांविरुद्ध उघड पत्र लिहिलें, आणि दाद न मिळाल्यामुळें डिसेंबर २०१० मध्यें जावाच्या नियामक समितीचा राजीनामा दिला. घर मोकळें झालें, पण घराचा उतारा दुसऱ्याच्याच पेटींत राहिला.

यावरून आमचें म्हणणें इतकेंच कीं, कोड पाहावयास मिळणें म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. केलेलें काम शेजाऱ्यास देतां आलें पाहिजे. जी कंपनी स्वयंसेवकांचे श्रम स्वीकारते, तिनें त्याच दिवशीं त्या श्रमांचें फळ वांटण्याचा हक्क लेखी द्यावा. तो देण्याची तयारी नसेल, तर मुक्ततेचा जयघोष तरी करूं नये. आणि स्वयंसेवकांनींहि कोडाची पहिली ओळ लिहिण्यापूर्वीं परवान्याची शेवटची ओळ वाचावी.