डुकराचा रिपोर्ट चुकला तर भरायचं कुणी?

भाट्यात नारळाचं संशोधन केंद्र 1955 पासून उभं आहे. माडाला रोग लागला तर बागायतदाराला विचारायला जवळ दार आहे. चांगलंच आहे. पण भाट्याचा पूल ओलांडून शहराकडच्या एखाद्या वस्तीत चार डुकरं तापाने पटापट मेली, तर डुकरं पाळणाऱ्याने कुणाचं दार ठोठवायचं? पशुरोग निदानाची विभागीय प्रयोगशाळा पुण्यात औंधला, देशपातळीवरची भोपाळला.

आफ्रिकन स्वाइन फीव्हर भारतात 2020 साली आसाम-अरुणाचलात सापडला आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने तो पक्का केला. माणसाला तो होत नाही, पण डुक्कर क्वचितच वाचतं. जुना स्वाइन फीव्हर वेगळा. त्याची लस आपल्याकडे आहे, आफ्रिकनची नाही. लक्षणं मात्र इतकी सारखी, की डोळ्याने फरक कळत नाही. निकाल प्रयोगशाळाच देणार.

मग प्रयोगशाळेची परीक्षा कोण घेतं?

त्याची रीत जगात रुळलेली आहे. एकाच संचातल्या, फक्त क्रमांक घातलेल्या कुप्या सगळ्या प्रयोगशाळांना पाठवतात. एकीत भरपूर विषाणू, दुसरीत अगदी थोडा, तिसरीत काहीच नाही. कोणत्या कुपीत काय, ते तपासणाऱ्याला माहीत नसतं. युरोपात स्पेनमधली संदर्भ प्रयोगशाळा दरवर्षी देशोदेशीच्या प्रयोगशाळांची अशी परीक्षा घेते. थोडा विषाणू ज्याला सापडला नाही, तो रोग पसरू देणार. काहीच नसताना ज्याला सापडला, तो निरोगी डुकरं मारायला लावणार.

हिशोब करा. निरोगी डुकराला निरोगी ठरवण्यात चाचणी 99 टक्के अचूक असली, तरी हजार निरोगी डुकरांत दहा खोटी ‘पॉझिटिव्ह’ निघतील. एका खोट्या निकालावर अख्खी वस्ती बाधित ठरू शकते, कारण बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारायचा नियम आहे.

ही डुकरं कुणाची? आपल्याकडे बहुतेक कैकाडी, वडार अशा समाजांची. ज्यांना ना सातबारा, ना बँकेत पत. डुक्कर हीच त्यांची ठेव. 2009 च्या कायद्याने रोगाची खबर देणं मालकाला बंधनकारक केलं. मग त्या खबरीवर बरोबर आणि वेळेत निकाल देणं सरकारला बंधनकारक का नको? भरपाई मारलेल्या डुकरांची मिळते. निकाल येईपर्यंत जी मेली ती कुणाच्या खात्यावर?

काही कार्यकर्ते म्हणतील, बाबासाहेबांनी घाणीची कामं सोडायला सांगितली, तुम्ही डुकरांची वकिली काय करता? बाबासाहेबांनी जातीने लादलेलं काम सोडायला सांगितलं. पोटाचा धंदा बुडताना बघत बसा, असं नाही सांगितलं. आणि साथ आली की मेलेली डुकरं खड्ड्यात पुरायला कुणाला बोलावतात, हे आम्ही सांगायची गरज आहे का?

आमच्या मागण्या तीन. प्रत्येक पशुरोग प्रयोगशाळेची दरवर्षी अशी परीक्षा घ्या आणि तिचा निकाल लोकांसमोर मांडा. नमुना घेतल्यापासून किती दिवसांत अहवाल, ते लेखी बांधून द्या. मारण्याआधी मालकाला अहवालाची प्रत मराठीत द्या.

मित्रांनो, माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आपापल्या जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयाला पहिला प्रश्न हाच विचारा: तुम्ही ज्या प्रयोगशाळेवर विसंबता, ती शेवटची पास कधी झाली?

जयभीम!