रजबच्या चंद्रापासून व्हॅनिला

घरोघरी ओव्हन आले आणि केकच्या कृती पाहताना मुलींच्या तोंडी एक नवा शब्द आला: व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट. बाजारचे इसेन्स नको, घरीच करू या, म्हणून त्या व्हिडिओ लावतात, तर पहिल्याच मिनिटाला शेंगांवर व्होडका ओतलेली दिसते. मग विचारतात, आता काय करायचे?

आधी हे होते का, ते समजून घेऊ. व्हॅनिलाचा सुवास मद्यार्कात चांगला उतरतो आणि टिकतो. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे तर ‘एक्स्ट्रॅक्ट’ म्हणवणाऱ्या बाटलीत किमान ३५ टक्के मद्यार्क असावाच लागतो. केक भाजताना तो सगळा उडून जातो, असे सांगणारे भेटतात. सगळा उडत नाही, काही अंश राहतो. एवढ्याशा अंशाबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत आणि तो निवाडा करणारे आम्ही कोण? पण आपण पाठवलेला केक पाहुणा बिस्मिल्लाह म्हणून खातो, आत काय आहे ते विचारत बसत नाही. त्याचा हा भरवसा आम्हाला मोठा वाटतो. शिवाय दुसरा रस्ता असताना ती बाटली घरात आणायचीच कशाला?

बाजारच्या साध्या इसेन्समध्ये बहुधा कृत्रिम व्हॅनिलिन असते. त्याच्याही लेबलवर ‘अल्कोहोल’ किंवा ‘इथेनॉल’ आहे का ते वाचावे. हिरव्या ठिपक्यावर इथे विसंबू नका. तो फक्त प्राणिज पदार्थ नसल्याचे सांगतो, मद्यार्काबद्दल काहीच सांगत नाही.

दुसरा रस्ता ग्लिसरीनचा. हातापायांना लावायचे नव्हे, खाण्यायोग्य आणि वनस्पतीपासून केलेले. ग्लिसरीन जनावराच्या चरबीपासूनही बनते, म्हणून येथे मात्र हिरवा ठिपका जरूर पाहावा. १८० मिली ग्लिसरीनमध्ये ६० मिली उकळून गार केलेले पाणी मिसळा. पाणी याहून वाढवू नका, अर्क टिकणार नाही. सहा ते आठ शेंगा, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, उभ्या चिरून काचेच्या स्वच्छ, कोरड्या बाटलीत घाला आणि वरून हे मिश्रण ओता. शेंगा पूर्ण बुडाल्या पाहिजेत. बाटली अंधाऱ्या कपाटात ठेवून दोन-तीन दिवसांनी हलवत राहा. तीन महिने तरी लागतात. रजबचा चंद्र दिसला की बाटली भरावी. रजब, शाबान, रमजान सरले की ईदच्या केकला अर्क तयार. नंतर फ्रिजमध्ये ठेवावा.

हा अर्क मद्यार्काच्या अर्काइतका तेज नसतो. कृतीत एक चमचा लिहिला असेल तर दीड घाला, आणि ग्लिसरीन गोड असल्यामुळे साखर किंचित कमी करा.

शेंगा महाग आहेत, हे खरे. केशरानंतर सर्वात महाग मसाला हाच. व्हॅनिलाचे फूल एकच दिवस उमलते आणि मेक्सिकोबाहेर बहुतेक ठिकाणी माणसाला एकेका फुलाचे परागीकरण हाताने करावे लागते. ही सोपी युक्ती १८४१ साली हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. तिच्यावर मळेवाले श्रीमंत झाले, तो मात्र गरिबीतच वारला. केरळ-कर्नाटकातले शेतकरीही व्हॅनिला पिकवताना असेच एकेका फुलाला हात लावतात. म्हणून एकही शेंग फेकू नका. अर्क गाळल्यावर ती पुसून वाळवा आणि साखरेच्या बरणीत खुपसून ठेवा. पंधरा दिवसांत साखर घमघमते.

भेट द्यायची तर छोट्या बाटल्या भरा आणि वर स्वच्छ अक्षरात लिहा: शेंगा, वनस्पतिजन्य ग्लिसरीन, पाणी, भरल्याची तारीख. शेजारच्या शाकाहारी काकूंनाही मग विचारावे लागत नाही.

नानखटाईत थोडा घातला तर चालेल. शीरखुर्म्यात मात्र कुणी घालू नये. तिथे वेलची-जायफळाचाच हक्क आहे.